सागरच्या नावावरची अर्चना

तिचं नाव अर्चना. हे आधीच सांगून टाकते, कारण नोकरीच्या निमित्तानं रहिमतपुरात तिच्या सासरच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा पहिले काही महिने मीसुद्धा तिला गौरीच म्हणत होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं लिहिलं गेलं आणि शिराळ्याची अर्चना रहिमतपूरची गौरी झाली. तिला विचारलं होतं का, असं मी एकदा तिच्या सासऱ्यांना विचारलं. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "त्यात काय इचारायचं, मॅडम? समद्यांच्याच पोरींची बदलत्यात." ट्रॅक्टरचं टायर बदलल्यासारखं बोलले. त्या दिवसापासून मला या माणसाचा राग आहे आणि तो झाकून हे लिहायची माझी तयारी नाही.

घरात माणसं मोजकी होती. आबा, थोरला मुलगा सुनील फौजेत आणि कायम लांब कुठंतरी पोस्टिंगला, त्याची बायको ही अर्चना, आणि धाकटा सागर. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. सागर स्पर्धा परीक्षा देत होता असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात तो सकाळी व्यायाम करायचा, दुपारी झोपायचा आणि संध्याकाळी गाडीवरून चौकात जायचा. ऊस तोडणीला आला की शेतात मात्र अर्चना जायची.

ती उंचीनं कमी, हाडापेरानं बळकट, आणि चालताना टाच अशी आपटायची की जिन्यावर कोण येतंय ते मला वर बसून कळायचं. तिची एक खोड होती. समोरच्या माणसाच्या अंगावर कुठंही भरतकाम दिसलं की ते उलटं करून बघायची. पहिल्याच भेटीत तिनं माझा पदर हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "वरनं ग्वाड दिसतंय मॅडम, पर आतनं नुसता गुंता हाय. फसवलं तुमाला." चांगल्या दुकानातली साडी होती ती! मी चिडले. पण वर खोलीत जाऊन आतून बघितलं तर गुंता होताच. शाळेच्या पोरांच्या खिशावरचे बिल्ले, लग्नातल्या फेट्यावरची नक्षी, देवळातल्या देवीची साडी, कशालाही ती सोडायची नाही. पुजारी एकदा तिच्यावर ओरडले होते. "देवीला आतनं टोचतंय ते तुमाला कसं कळंल?" असं त्यांनाच सुनावून आली.

लग्नाआधी ती इस्लामपुरात कॉम्प्युटरवर भरतकाम करणाऱ्या एका दुकानात कामाला होती. एखादं चित्र घ्यायचं आणि ते मशीनला समजेल असं टाक्यांत मांडायचं, आधी कुठला रंग, टाका आडवा का तिरका, दोरा कुठं तोडायचा, असं ते काम. लग्नानंतर दोन वर्षं तिनं भाकऱ्या थापल्या. मग सुनीलनं सुट्टीवर येताना एक जुना लॅपटॉप आणला, आणि तिला कुणीतरी सांगितलं की हेच काम घरबसल्या परदेशातल्या लोकांसाठी करता येतं. एक वेबसाइट असते, तिथं आपलं खातं उघडायचं, गिऱ्हाईक काम देतं, काम आवडलं तर चांदण्या देतं. जितक्या चांदण्या, तितकी पुढची कामं. अर्चनाला हे एका दुपारीत समजलं.

पण साइटला ओळख पटवायची होती. आधार कार्ड गौरीचं, पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक अर्चनाचं, नावापुढं एकीकडं नवरा, दुसरीकडं वडील. लग्नाचा दाखला काढायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खातं उघडलं की अडकायचं, उघडलं की अडकायचं. ती कोरेगावला, साताऱ्याला हेलपाटे घालत राहिली. शेवटी सागर म्हणाला, "वैनी, माझ्या नावानं काढा की. माझी समदी कागदं सरळ हायती." असणारच. जन्मल्यापासून त्याचं नाव बदलायला कुणी तांदूळ पसरले नव्हते. आबा म्हणाले, "घरातलंच हाय, काय फरक पडतोय?" सुनीलनं फोनवर तेच सांगितलं. खातं सागरच्या नावानं निघालं आणि त्यावर सागरचा गॉगल लावलेला फोटो चढला.

शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती कामाला बसायची. सोप्यातच, कारण तिथून दारात कोण आलं, दूध उतू चाललं का, म्हैस ओरडली का, हे सगळं कळायचं. लॅपटॉपशी ती बोलायची, तेही एकेरीत. "ए बाबा, आता अडकू नगंस. तुला काय कमी केलंय का मी?" गिऱ्हाइकांची नावं तिला उच्चारता यायची नाहीत, म्हणून तिनं स्वतःच त्यांना नावं ठेवली होती. टोपीवाला, चर्चवाली आजी, नुसता घाई. हा 'नुसता घाई' तर तिच्या तोंडी इतका असायचा की तो गल्लीच्या पलीकडं राहतो असं मला वाटायला लागलं होतं. पत्रं ती इंग्रजीतच लिहायची, चार-पाच शब्दांची. त्यात 'प्लीज' कुठंच नसायचं. मी एकदा सुचवलं तर म्हणाली, "काम चांगलं केलंय की. वर हात कशाला जोडू?"

एका गिऱ्हाइकाला आपल्या मेलेल्या कुत्र्याचा चेहरा जाकिटावर भरून हवा होता. त्यानं फोटो पाठवला. अर्चनाला तो जमेना. नाकापासून कपाळाकडं केस कसे वळतात तेच फोटोत दिसत नव्हतं. मग तिनं भर दुपारी आबांच्या कुत्र्याला अंगणात धरलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि मांडी घालून त्याच्यासमोर बसून राहिली. बोटानं केस इकडून तिकडं फिरवायची, मग आत पळायची, पुन्हा बाहेर यायची. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. आबा कडाडले, "आगं, लोकं हसत्यात! सुभेदाराची सून कुत्र्याचं तोंड बघत बसलीया!" ती मान वर न करता म्हणाली, "आवं, हलवू नगा त्येला."

काम गिऱ्हाइकाला पोचलं. त्या माणसानं खूप मोठा अभिप्राय लिहिला. जाकीट बघून त्याची बायको रडली म्हणे. शेवटी लिहिलं होतं, सागरला कुत्री कळतात, असा माणूस मिळणं अवघड आहे. सागरनं ते अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चौकात जाऊनही दाखवलं. हा सागर आबांच्या त्याच कुत्र्याच्या भीतीनं मागच्या दारानं घरात यायचा! मी हसले. अर्चना हसली नाही. म्हणाली, "मॅडम, पाच वरसं झाली की अशा शंभर गोष्टी त्येच्या नावावर जमा व्हतील. मग माजं काय?" मी म्हटलं, काम तर तुझंच आहे ना. तेव्हा ते बोलायला फार सोपं होतं.

कामं वाढली तशी आबांची छातीही वाढली. पैसा सागरच्या बँकेत यायचा, तिथून आबांकडं, आणि अर्चनाला दोऱ्याचं रीळ हवं असलं तरी ते मागावं लागायचं. गावात सांगायचे, "आमचा धाकटा घरात बसून अमेरिकेला काम देतोय." घेतोय म्हणायचं होतं त्यांना, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. कारण तो दोन्ही करत नव्हता.

एकदा त्या नुसत्या घाईला व्हिडिओवर बोलायचं होतं. सागरला सुनीलचा कोट घालून खुर्चीत बसवला. अर्चना टेबलाखाली जमिनीवर बसली, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. साहेब विचारायचा, ती खालून कुजबुजायची आणि सागर वर बोलायचा. थोड्या वेळानं त्याला मजा यायला लागली आणि तो खालचं ऐकेनासाच झाला. साहेब काहीही म्हणाला की हा 'येस सर, येस सर'. अर्चना त्याच्या पायाला चिमटे काढत होती. फोन बंद झाला तेव्हा कळलं, सागरनं आठवड्याचं काम परवापर्यंत द्यायचं कबूल केलंय.

नेमकी नागपंचमी तोंडावर होती. शिराळ्याच्या पोरीला नागपंचमीला माहेरी जाऊ नको म्हणणं म्हणजे काय, ते त्या भागातल्या माणसालाच कळेल. पिशवी भरून ठेवली होती तिनं. भाऊ गाडी घेऊन आला, दारात चहा प्यायला आणि एकटाच परत गेला. अर्चना बसून काम करत होती आणि सागर शेजारी उभा राहून मोबाईलवर शिराळ्यातल्या नागपंचमीच्या गर्दीचे व्हिडिओ बघत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, आवाज बारीक करा. न्हाईतर हे मशीन उचलून डोक्यात घालीन." त्यानं आवाज बारीक केला. एवढंच ऐकलं त्यानं तिचं आयुष्यात.

मग सागरच्या लग्नाचं निघालं. शेती आहे म्हटलं की मुली नाही म्हणतात, हे आता आमच्याकडं सगळ्या घरांना माहीत आहे. पण सागरकडं चांदण्या होत्या! माणमधलं एक स्थळ आलं, दहिवडीजवळचं. मुलीच्या वडिलांनी सगळी नोकरी मुंबईत काढलेली, त्यांना कमावता मुलगा हवा होता. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खालचं सगळं ऐकू येत होतं. सागर मोबाईलवर अभिप्राय दाखवत होता. मुलीचे वडील कौतुकानं म्हणाले, "मंजे तुमी ह्ये समदं एकटंच बघता?" सागर म्हणाला, "व्हय. वैनी मदत करत्यात थोडी. रंगबिंग सुचवत्यात." त्या वेळी अर्चना त्यांना पोहे वाढत होती. भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता बोलेल. पण खालून आबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि पुढं काही झालं नाही. नंतर ती वर आली आणि माझ्या बादलीतले कपडे पिळायला लागली. माझी नवी ओढणी तिनं इतकी पिळली की टरकन फाटली. "बोलले असते तर पोरीचं लगीन मोडलं असतं आन् मीच वाईट," एवढंच म्हणाली.

लग्न झालं. पुन्हा ताट, पुन्हा तांदूळ. नव्या सुनेचं नाव सई ठेवलं.

सईला साताऱ्यात राहायचं होतं. तिला तसं सांगूनच आणलं होतं, त्यामुळं तिचा दोष नाही. सागरनं वेगळं व्हायचं काढलं आणि आबांनी वाटणीला माणसं बसवली. सुनील सुट्टीवर आला होता. रान झालं, विहिरीच्या पाळ्या झाल्या, म्हशी झाल्या. मी जिन्यात उभी होते. जाणूनबुजून उभी होते, त्यात मला काही वाटलं नाही. शेवटी आबा म्हणाले, "आन् त्ये कॉम्प्युटरवरचं काम सागरकडं. नाव त्येचं हाय, फोटू त्येचा हाय, बँक त्येची हाय."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पर करतंय कोन?"

"घर करतंय," आबा म्हणाले.

अर्चना चहाचा ट्रे घेऊन आली होती. तो तिनं मधोमध ठेवला आणि सरळ उभी राहिली. "आबा, मग माजं हात बी भावजींच्या वाटणीला टाका. त्येंच्याबिगर ते खातं काय करनार?"

सागर म्हणाला, "वैनी, साताऱ्यात दोन पोरं ठेवतो की कामाला. न्हाईतर तुमीच हितनं करून पाठवा, आमी का तुमाला उपाशी ठेवनार हाय?"

ती नवऱ्याकडं वळली. सुनील चांगला माणूस असं सगळे म्हणतात. थंडीत, बर्फात उभा राहतो, ते खरं आहे. तो खाली बघत म्हणाला, "जाऊ दे गं. तू नवीन काढ. तुला येतंय की." असा राग आला मला त्या वाक्याचा! नवीन काढ! पाच वर्षांचे अभिप्राय, ते कुत्र्याचे केस, ती हुकलेली नागपंचमी, गिऱ्हाइकांचा बसलेला विश्वास, हे सगळं पुन्हा शून्यापासून काढ. त्या जागी विहीर असती तर हाच माणूस कोर्टात गेला असता.

वाटणी ठरली तशीच झाली. सागर लॅपटॉप न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होता. सकाळी अर्चना वर माझ्याकडं आली, लॅपटॉप काखेत. वेबसाइटला लिहिलेलं पत्र तिनं मला दाखवलं. चार ओळी होत्या. या खात्यावरचं सगळं काम मी केलं आहे. फोटोतला माणूस माझा दीर आहे. त्याला हे काम येत नाही. मी आता हे काम या नावानं करणार नाही. खाली सही, अर्चना.

"इंग्लिश बरोबर हाय का तेवढं सांगा," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की हे कळलं तर ते खातंच बंद करतील. दुसऱ्याच्या नावानं काम करणं त्यांच्या नियमात बसत नाही. चांदण्या जातील, गिऱ्हाइकं जातील, तुझ्याही हाताला काही लागणार नाही.

"आता काय लागलंय?" ती म्हणाली. "माजं न्हाई झालं तर त्येचं बी नगं. मला चांगली बाई व्हायचं न्हाई, मॅडम. लय झालं."

इंग्रजी बरोबर होतं. मी तसं सांगितलं आणि तिनं माझ्यासमोर पत्र पाठवलं. मग खाली जाऊन लॅपटॉप नीट पुसून सागरच्या पिशवीत ठेवला, चार्जरसकट.

खातं बंद पडलं तेव्हा जो आरडाओरडा झाला तो अख्ख्या गल्लीनं ऐकला. आबा म्हणाले, घरात साप पाळला. सागर अंगणात रडला. सुनीलनं महिनाभर तिच्याशी फोनवर बोलणं टाकलं. आणि गल्लीतल्या बायका, ज्यांच्या प्रत्येकीच्या घरात असं काही ना काही दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याही म्हणाल्या, एवढा ताठा बरा नव्हे, पोराचा संसार उधळला. मी त्यातल्या दोघींशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. सईच्या वडिलांना खरं कळलं तेव्हा ते दहिवडीहून आले, दिवसभर सोप्यात बसले आणि न जेवता गेले. साताऱ्यात घर करणं राहूनच गेलं.

अर्चनानं पुढचं सगळं हट्टानं केलं. लग्नाचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं आणि आधार कार्डावर पुन्हा अर्चना झाली. आबा म्हणाले, "नवऱ्यानं दिल्यालं नाव टाकतीया." ती म्हणाली, "नवऱ्यानं कुठं, तुमीच दिलंतं. तुमीच ठिवा." भावाकडून जुना कॉम्प्युटर आणून तिनं नवं खातं उघडलं. काम येईना. सागरच्या नावाखाली जी माणसं तिच्याशिवाय दुसऱ्याला काम देत नव्हती, त्यांना ही अर्चना कोण हे माहीतच नव्हतं. शोधून-शोधून तिनं चर्चवाल्या आजीला गाठलं, तिनं एक टोपीचं काम दिलं. मग पुन्हा बरेच दिवस काही नाही. ती उन्हातान्हात ऊस लावायला जायची आणि येऊन तोंड धुऊन कॉम्प्युटरसमोर बसायची, काम असो नसो.

त्याच सुमारास माझी बदली सांगलीला झाली. राहिलेलं कपाट न्यायला मी दिवाळीनंतर टेम्पो घेऊन रहिमतपूरला गेले. आबा ओसरीवर होते, त्यांनी मान फिरवली. मीही फिरवली. अर्चना तिच्या वाटणीच्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलाशी बसली होती. गालफाडं वर आली होती, पण माझा पदर मात्र तिनं लगेच उलटा केला. "ही बरी हाय," म्हणाली. काम किती मिळतं ते मी विचारलं. "थोडं," म्हणाली आणि विषय तिथंच संपवला.

आम्ही बोलत असताना सई दारात येऊन उभी राहिली. हातात परकराची नाडी होती, ती नुसती गुंडाळत होती. बाहेर सागरच्या गाडीचा आवाज येऊन गेला तशी ती आत सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला बी शिकवा की ह्ये काम."

मला वाटलं अर्चना तिला हाकलून देईल. याच पोरीच्या लग्नासाठी तिनं तोंड दाबून घेतलं होतं आणि याच पोरीच्या साताऱ्यापायी वाटणी झाली होती. अर्चनानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पायानं शेजारचं स्टूल पुढं ढकललं.

"शिकवते. पर खातं तुज्या नावानं उघडायचं, दुसऱ्या कुनाच्या न्हाई. आधी सांग, माहेरचं नाव काय तुजं?"

सईनं आधी दाराकडं बघितलं. मग सांगितलं.